कोजागिरी ६ ऑक्टोबरला, पूर्णचंद्र ७ ला सकाळी: पौर्णिमेची वेळ नेमकी ठरते कशी?

फळा_खडू

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी २०२५ मधल्या पौर्णिमांचा भिंतीवर लावायचा तक्ता करतो आहे. पंचांग आणि खगोलशास्त्राची संकेतस्थळं समोर ठेवून आकडे भरताना काही गोष्टी अडल्या. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

१. कोजागिरी ६ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री. पण पूर्णचंद्राची वेळ सगळीकडे ७ ऑक्टोबर, सकाळी ९:१७ अशी दिली आहे. त्या वेळी आपल्याकडे चंद्र मावळलेला असतो. मग खरी पौर्णिमेची रात्र कोणती?

२. हनुमान जयंतीची पौर्णिमा १२ एप्रिलला पहाटे ३:२१ ते १३ एप्रिलला पहाटे ५:५१, म्हणजे साडेसव्वीस तास. कार्तिकातली ४ नोव्हेंबरला रात्री १०:३६ ते ५ नोव्हेंबरला संध्याकाळी ६:४८, म्हणजे जेमतेम २० तास १२ मिनिटं. एकाच तिथीच्या लांबीत सव्वासहा तासांचा फरक कसा?

३. चंद्र पृथ्वीभोवती २७.३ दिवसांत फिरतो असं पुस्तकात आहे. दोन पौर्णिमांत मात्र साडेएकोणतीस दिवस जातात, आणि तेही दर वेळी सारखे नाहीत. का?

४. नववी-दहावीच्या मुलांना कॅल्क्युलेटरवर पौर्णिमेची वेळ काढता येईल असं एखादं सूत्र आहे का?

---

दृक्प्रत्यय

पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्र लिहितो.

खगोलशास्त्रात पौर्णिमा म्हणजे रात्र नव्हे, एक क्षण. पृथ्वीवरून पाहताना चंद्राचे आणि सूर्याचे भोगांश (सूर्यमार्गावर मोजलेले कोन) बरोबर १८० अंशांनी वेगळे असतात तो क्षण. तिथी मात्र कालखंड असतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा वेळ म्हणजे एक तिथी. शुक्ल प्रतिपदा ० ते १२ अंश, द्वितीया १२ ते २४, असं मोजत गेलं की पौर्णिमा १६८ ते १८० अंश. म्हणजे खगोलशास्त्राचा पूर्णचंद्र हा पंचांगातल्या पौर्णिमेचा शेवट असतो. तक्त्यात दोन रकाने करा: 'तिथी आरंभ' आणि 'तिथी समाप्ती = पूर्णचंद्र'. मिनिटभराचा फरक दिसला तर तो पूर्णांक करण्याचा समजावा. ९:१६ आणि ९:१७ ही एकच वेळ आहे.

आता कोजागिरी. आश्विन पौर्णिमा ६ ऑक्टोबरला दुपारी १२:२३ ला लागली आणि ७ ला सकाळी ९:१६ ला संपली. कोजागिरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते. ती मध्यरात्र ६ आणि ७ च्या मधली. ७ च्या रात्री प्रतिपदा होती. पण दिनदर्शिकेच्या चौकटीत सूर्योदयाची तिथी छापतात, म्हणून ७ तारखेच्या चौकटीत 'पौर्णिमा' आणि सण मात्र ६ च्या चौकटीत. घोळ होतो तो इथे. प्रत्येक सणाचा निकष वेगळा आहे. होळीला प्रदोषकाळी (सूर्यास्तानंतर लगेच) पौर्णिमा लागते. २०२६ मध्ये फाल्गुन पौर्णिमा २ मार्चला संध्याकाळी ५:५५ पासून ३ मार्चला संध्याकाळी ५:०७ पर्यंत आहे. ३ तारखेला सूर्य मावळण्याआधीच ती संपते, म्हणून होळी २ मार्चला.

'पण मग ६ च्या रात्री चंद्र पूर्ण नव्हताच का?' हा प्रश्न मुलं विचारतीलच. हिशेब सोपा आहे. त्या मध्यरात्री पूर्णचंद्राला ९ तास १७ मिनिटं बाकी होती. अंतर तासाला ०.५७ अंशांनी वाढत होतं, म्हणजे चंद्र १८० पासून ५.३ अंश मागे. प्रकाशित भाग = (१ + कोसाइन ५.३°) ÷ २ = ९९.८ टक्के. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. दुर्बिणीतून कळतो: पूर्वेकडच्या कडेला विवरांच्या बारीक सावल्या शिल्लक असतात. पौर्णिमा तिथीच्या अगदी आरंभीही प्रकाशित भाग ९८.९ टक्के असतो. मोबाइलवरची अॅप ९९.५ च्या वर गेलं की '१००' दाखवतात, त्यामुळे पूर्णचंद्राच्या आगेमागे मिळून २८ ते ३६ तास १०० टक्केच दिसत राहतात. अॅपवरून पूर्णचंद्राचा दिवस ठरवू नये तो याचसाठी.

तिथीच्या लांबीबद्दल. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तो सर्वांत जवळ येतो तेव्हा अंतर सुमारे ३ लाख ५६ हजार ते ३ लाख ७० हजार किलोमीटर, सर्वांत दूर जातो तेव्हा ४ लाख ४ हजार ते ४ लाख ६ हजार ७००. जवळ असताना तो दिवसाला १५ अंशांहून थोडा जास्त सरकतो, दूर असताना १२ अंशही पुरे करत नाही. सूर्य रोज साधारण १ अंश पुढे जातो, तो वजा करा. जवळच्या चंद्राला १२ अंशांची आघाडी घ्यायला सुमारे २० तास पुरतात, दूरच्याला साडेसव्वीस लागतात. ५ नोव्हेंबरला चंद्र ३,५६,८३३ किलोमीटरवर आला, वर्षातलं सर्वांत कमी अंतर. १३-१४ एप्रिलच्या रात्री तो ४,०६,२९५ किलोमीटरवर होता. तुमच्या दोन्ही तिथी या दोन टोकांच्या आहेत.

जुन्या करणग्रंथांवरून (पंचांगगणिताच्या जुन्या पुस्तकांवरून) केलेल्या पंचांगांत 'बाणवृद्धी रसक्षय' असा नियम असतो: ६० घटिकांच्या (घटिका म्हणजे २४ मिनिटं) तिथीत ५ घटिका वाढ किंवा ६ घटिका घट, म्हणजे २६ तास ते २१ तास ३६ मिनिटं. प्रत्यक्ष चंद्र ही मर्यादा पाळत नाही. एप्रिलची तिथी ६६ घटिकांच्या वर गेली, नोव्हेंबरची साडेपन्नासवर आली. दृक्गणिताचा, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी पडताळलेल्या गणिताचा, नियम 'सप्तवृद्धी दशक्षय', ६७ ते ५० घटिका, आणि तोच आकाशाशी जुळतो. खगोलगणिती व्यंकटेश बापूजी केतकरांनी दृक्प्रत्ययी पंचांगासाठी आयुष्यभर आग्रह धरला तो याच कारणाने. तक्त्यासाठी पंचांग निवडताना ते दृक्गणिताचं आहे ना, एवढं पाहाच. नाहीतर तिथीच्या वेळा काही तासांनी चुकतील आणि मुलांच्या निरीक्षणाशी कधीच जुळणार नाहीत.

---

आकडेमोड

तिसरा आणि चौथा प्रश्न माझ्याकडे घेतो.

ताऱ्यांच्या संदर्भात चंद्राची एक फेरी २७ दिवस ७ तास ४३ मिनिटांत होते. चित्रा नक्षत्राजवळून निघालेला चंद्र एवढ्या वेळात परत चित्रेजवळ येतो. पण तोवर सूर्य सुमारे २७ अंश पुढे गेलेला असतो, म्हणून सूर्याच्या समोरची जागाही तेवढीच पुढे सरकलेली असते. चंद्र ती गाठेपर्यंत ती आणखी थोडी सरकते. एकूण जादा अंतर २९ अंश, त्याला २.२ दिवस. २७.३२ + २.२१ = २९.५३. (आपल्या महिन्यांची नावं एकाआड एक किंवा दोन नक्षत्रं सोडून येतात, कृत्तिका, मग मृगशीर्ष, मग पुष्य, त्याचं कारण हेच. २९ अंश म्हणजे दोन नक्षत्रांपेक्षा थोडं जास्त.)

आता अंतर सारखं का नाही. २९.५३०५८९ ही सरासरी. पूर्ण फेरीत चंद्र जलद आणि मंद दोन्ही टप्पे पार करतो, त्यामुळे तिथे फरक उरत नाही. फरक पडतो तो शेवटच्या २९ अंशांत. हा जादा तुकडा चंद्र जवळ असताना आला तर लवकर संपतो, दूर असताना आला तर रेंगाळतो. २०२५ चे भारतीय वेळेतले आकडे बघा:

१४ मार्च १२:२५ → १३ एप्रिल ५:५२ : २९ दिवस १७ तास २७ मिनिटं
१३ एप्रिल ५:५२ → १२ मे २२:२६ : २९ दिवस १६ तास ३४ मिनिटं
११ जून १३:१४ → ११ जुलै २:०७ : २९ दिवस १२ तास ५३ मिनिटं
७ सप्टेंबर २३:३९ → ७ ऑक्टोबर ९:१७ : २९ दिवस ९ तास ३८ मिनिटं
७ ऑक्टोबर ९:१७ → ५ नोव्हेंबर १८:४९ : २९ दिवस ९ तास ३२ मिनिटं

एप्रिलात चंद्र दूर, महिना लांब. नोव्हेंबरात जवळ, महिना आखूड. मधल्या जुलैत जवळजवळ सरासरी. मुलांना हे पाच आकडे आलेखावर मांडायला लावा, आरोह-अवरोह लगेच दिसतो. याच्या जोडीला पृथ्वीच्या स्वतःच्या कक्षेचा परिणाम असतो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा सूर्य आकाशात जलद सरकतो आणि तो जादा तुकडाच २९ अंशांहून मोठा होतो. दोन्ही परिणाम एका दिशेने आले की महिना २९ दिवस १९ तासांच्या पुढे जातो, उलट दिशेने आले की २९ दिवस साडेसहा तासांपर्यंत उतरतो.

सूत्र आहे, आणि नववीच्या कॅल्क्युलेटरवर बसतं. ऑक्टोबरची पौर्णिमाच सोडवून दाखवतो.

पहिली पायरी, क्रमांक. क = (वर्ष दशांशात − २०००) × १२.३६८५. ७ ऑक्टोबर २०२५ म्हणजे २०२५.७६६. क = ३१८.६९. पौर्णिमेसाठी क च्या शेवटी .५ हवाच (पूर्णांक क म्हणजे अमावास्या). सर्वांत जवळचा ३१८.५.

दुसरी, सरासरी पौर्णिमा. ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) = २४५१५५०.०९७६६ + २९.५३०५८८८६१ × क = २४६०९५५.५९०२. ७ ऑक्टोबरच्या शून्य तासाचा (ग्रीनिच) ज्युलियन दिनांक २४६०९५५.५. म्हणजे सरासरी पौर्णिमा त्या दिवशी ०.०९०२ दिवसावर, रात्री २:१० ला.

तिसरी, तीन कोन. येणाऱ्या संख्येतून ३६० च्या पटी काढून टाकायच्या.
सूर्याचा कोन स = २.५५३४ + २९.१०५३५६७ × क = २७२.६१°
चंद्राचा कोन च = २०१.५६४३ + ३८५.८१६९३५३ × क = ३२४.२६°
पाताचा (चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला छेदते त्या बिंदूचा) कोन प = १६०.७१०८ + ३९०.६७०५०२८ × क = २९.२७°

चौथी, दुरुस्त्या, दिवसांत.
− ०.४०६१४ × साइन च = + ०.२३७२
+ ०.१७३०२ × साइन स = − ०.१७२८
+ ०.०१६१४ × साइन २च = − ०.०१५३
+ ०.०१०४३ × साइन २प = + ०.००८९
+ ०.००७३४ × साइन (च − स) = + ०.००५८
− ०.००५१५ × साइन (च + स) = + ०.००४३
बेरीज + ०.०६८१

पाचवी. ०.०९०२ + ०.०६८१ = ०.१५८३ दिवस = ३ तास ४८ मिनिटं. हे सूत्र पृथ्वीच्या परिवलनावर न चालणाऱ्या एकसारख्या काळात उत्तर देतं, त्यातून सध्या ६९ सेकंद वजा करावे लागतात. ३:४७ + ५:३० = सकाळी ९:१७.

पहिल्या दोन दुरुस्त्यांचा अर्थ मुलांना जरूर सांगा. ०.४०६१४ दिवस म्हणजे पावणेदहा तास: चंद्राच्या कक्षेच्या लंबवर्तुळामुळे पौर्णिमा सरासरीपासून एवढी हलू शकते. ०.१७३०२ म्हणजे सव्वाचार तासांना थोडे कमी, ते पृथ्वीच्या कक्षेचं. दोनच दुरुस्त्या घेतल्या तर या वेळी ९:१२ येतात, पण हा योगायोग आहे. उरलेल्या चार इथे एकमेकींना जवळपास खोडून काढतात. वाईटात वाईट प्रसंगी त्या चारांनी ५६ मिनिटांची चूक होते.

मुलं कुठे चुकतात तेही लिहितो. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहतो, हे सर्वांत जास्त वेळा. त्यानंतर क चे दशांश: ३१८.५ ऐवजी ३१८.६९ च घालतात आणि उत्तर पाच-सहा दिवसांनी चुकतं. चंद्राच्या कोनाचा गुणक शेवटपर्यंत लिहायचा. ३८५.८२ एवढंच घेतलं तर ३१८ पट होऊन जवळजवळ एक अंशाची चूक साठते.

---

फळा_खडू

फारच उपयोगी. ५ नोव्हेंबरसाठी क = ३१९.५ घालून पाहतो आणि मुलांकडूनही करून घेतो. अजून दोन प्रश्न येतात. तक्त्यात चंद्रोदयाचा रकाना ठेवला तर 'रोज ५० मिनिटं उशिरा' हा नियम चालेल का? आणि सगळ्या पौर्णिमांना ग्रहण का नाही, हे दोन ओळींत कसं लिहावं?

---

शिखर_आणि_चंद्र

५० मिनिटं ही सरासरी. महाराष्ट्राच्या अक्षांशावर प्रत्यक्ष फरक साधारण ३५ ते ६५ मिनिटांचा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पौर्णिमेला चंद्र मीन-मेषेत असतो. तिथे त्याचा मार्ग पूर्व क्षितिजाशी कमी कोन करतो, म्हणून तो पूर्वेकडे जेवढा सरकतो त्या मानाने क्षितिजाखाली कमी जातो आणि लागोपाठच्या दिवशी लवकर उगवतो. मार्च-एप्रिलच्या पौर्णिमेला उलट. रकाना ठेवायचा असेल तर वेळ तुमच्या गावाची घ्या. मुंबई आणि नागपूर यांत रेखांशामुळे २५ मिनिटांचा फरक पडतो. मुंबईची वेळ गोंदियाच्या शाळेत लावून चालणार नाही.

कोणत्या संध्याकाळी चंद्रोदय बघायचा यासाठी मात्र एक पक्का नियम आहे. पूर्णचंद्राचा क्षण सूर्यास्ताच्या जवळ असेल तर चंद्रोदय सूर्यास्तालाच. क्षण १२ तास पुढे (दुसऱ्या पहाटे) असेल तर चंद्र सूर्यास्ताआधी वीस-पंचवीस मिनिटं उगवतो. १२ तास मागे असेल तर तेवढाच उशिरा. फोटोसाठी सूर्यास्ताआधी उगवणारा चंद्र सर्वांत चांगला: चंद्र वर येतो तेव्हा देवळाच्या शिखरावर, किल्ल्याच्या बुरुजावर अजून उजेड असतो आणि दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. एका दिवसाने उशीर केला तर चंद्र काळोखात उगवतो. मग एकतर चंद्र पांढरा गोळा होतो किंवा शिखर काळं. ६ ऑक्टोबरची संध्याकाळ या हिशेबाने उत्तम होती, चंद्र सूर्यास्ताआधी अर्ध्या तासाच्या सुमारास वर आला.

मापं देतो. चंद्राचा कोनीय व्यास अर्धा अंश, म्हणजे वस्तू आपल्या उंचीच्या ११० पट अंतरावर असेल तर ती चंद्राएवढी दिसते. ३ मीटरचा कळस चंद्रात बसवायचा तर ३३० मीटरवर उभं राहा, १० मीटरच्या घुमटासाठी १,१०० मीटरवर. सेन्सरवरचा चंद्र = फोकल लांबी ÷ ११०, म्हणजे ५०० मिलिमीटरला साडेचार मिलिमीटर. वर आलेल्या चंद्रासाठी एफ/११, आयएसओ १००, १/१०० सेकंद इथून सुरुवात करा. क्षितिजाजवळ धुरकट हवेत दोन-तीन स्टॉप जास्त द्यावे लागतात. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, त्यामुळे लांब लेन्सवर शटर फार मंद ठेवला की कडा पुसट येतात. ऑटोफोकस चंद्रावर अनेकदा फसतो. लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने जुळवा आणि तसंच ठेवा.

क्षितिजावरचा चंद्र मोठा वाटतो तो भास आहे. त्या वेळी तो डोक्यावरच्या चंद्रापेक्षा जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येएवढा लांब असतो, म्हणून उलट दीड टक्क्याच्या आसपास लहान. एकाच लेन्सने दोन फोटो घेऊन पडद्यावर मोजा. 'सुपरमून'चंही असंच. सर्वांत दूरच्या पौर्णिमेशी तुलना केली तर व्यास १४ टक्के आणि उजेड ३० टक्के जास्त, पण सरासरी चंद्राशी तुलना केली तर व्यास फक्त ७ टक्के. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो डोळ्यांना कळत नाही. तक्त्यात एप्रिल आणि नोव्हेंबरचे फोटो एका मापात चिकटवा, त्यासारखं दुसरं साधन नाही.

एक निरीक्षण खास आपल्या अक्षांशाचं आहे आणि ते कुणी करत नाही. ४ डिसेंबर २०२५ च्या, म्हणजे दत्तजयंतीच्या रात्री चंद्राची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) उत्तरेला सुमारे सत्तावीस अंश होती. मुंबईचा अक्षांश १९. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र डोक्यावरून नाही, डोक्याच्या उत्तरेकडून सुमारे आठ अंशांवरून गेला आणि उभ्या काठीची सावली दक्षिणेला पडली. त्याच वर्षी जूनच्या पौर्णिमेला तो दक्षिणेकडे जेमतेम ४३ अंश उंचीवर चढला होता. चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला ५ अंश ९ मिनिटांनी कललेली आहे आणि तो कल १८.६ वर्षांत एक फेरी घेतो. २०२४-२५ मध्ये तो सूर्याच्या २३.४ अंशांत मिळवला जात होता, २०३४ च्या सुमाराला वजा होईल. तेव्हा पौषाच्या आसपासचा पूर्णचंद्रही उत्तरेला १८.३ अंशांपलीकडे जाणार नाही. मुंबई-पुण्यात तो डोकं ओलांडणार नाही, कोल्हापूर-पणजीत मात्र ओलांडेल. दरवर्षी मार्गशीर्ष पौर्णिमेला मध्यरात्री सावलीची लांबी आणि दिशा नोंदवत गेलं तर शाळेकडे एक दुर्मीळ नोंदवही तयार होईल.

---

आकडेमोड

ग्रहणाचं दोन ओळींत: चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला ज्या दोन बिंदूंत छेदते ते राहू आणि केतू. पूर्णचंद्र यांपैकी एकाच्या साधारण १२ अंशांच्या आत असेल तरच पृथ्वीच्या गडद छायेत शिरू शकतो, एरवी छायेच्या वरून किंवा खालून निघून जातो. अशी संधी दर १७३ दिवसांनी येते.

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास, रात्री ११ ते १२:२२, हे २८ ऑगस्ट २००७ च्या ग्रहणाचं पुढचं आवर्तन. मध्ये ६,५८५.३ दिवस, म्हणजे २२३ पौर्णिमा. पाताच्या संदर्भातल्या २४२ फेऱ्या आणि जवळच्या बिंदूपासूनच्या २३९ फेऱ्याही जवळजवळ तेवढ्याच दिवसांत पुऱ्या होतात, म्हणून ग्रहण त्याच घडणीचं येतं. वरचे ०.३ दिवस पृथ्वीला आठ तास फिरवतात. २००७ चं ग्रहण आपल्याकडे दुपारी झालं, महाराष्ट्रातून दिसलंच नाही, आणि २०२५ चं मध्यरात्री डोक्यावर आलं. ३ मार्च २०२६ चं खग्रास मात्र आपल्याकडे चंद्र उगवण्याआधीच उरकतं. संध्याकाळी ६:४७ ला खंडग्रास संपतं, तेव्हा नागपुरात शेवटचा सुमारे अर्धा तास मिळतो आणि मुंबईत चंद्र क्षितिजावर येईतो ग्रहण सुटतच असतं.

---

खाडीकाठ

किनाऱ्यावरच्या शाळांसाठी तक्त्यात भरतीचा रकाना घाला. मुंबई-अलिबाग पट्ट्यात चालणारा ठोकताळा: तिथीचा आकडा × पाऊण = भरतीची वेळ. पौर्णिमा १५, म्हणून सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा १ पासून मोजायचं. पुढची भरती १२ तास २५ मिनिटांनी, मधली ओहोटी सव्वासहा तासांनी. पडताळा: २६ जून २०२५ ला आषाढ शुद्ध प्रतिपदा होती. पाऊण म्हणजे १२:४५. मुंबई महापालिकेच्या यादीत त्या दिवशीची भरती १२:५५ ला होती, उंची ४.७५ मीटर. पण सगळ्या तिथींना एवढं जुळत नाही, तासाभराचा फरक धरूनच चाला.

याच यादीत आणखी एक गोष्ट दिसते. अमावास्या २५ जूनला होती, सर्वांत मोठं उधाण दुसऱ्या दिवशी आलं. पौर्णिमेचंही तसंच. समुद्राचं पाणी चंद्रामागून एक-दोन दिवसांनी पोचतं. आणि पौर्णिमा चंद्र जवळ असताना आली, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ सारखी, तर उधाण वाढतं आणि ओहोटीही तेवढीच खोल जाते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणाऱ्यांची चूक इथेच होते. अष्टमीला ६ ची भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला, वेळ सोयीची दिसते. पण अष्टमी-नवमीला भांग (सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) असतो. पाणी पुरेसं ओसरतच नाही आणि मध्ये गुडघ्याच्या वर लागू शकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास वाट कोरडी पडते, मात्र ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. संध्याकाळची धरली तर परतताना अंधार आणि चढतं पाणी दोन्ही गाठतात. म्हणून उधाणाच्या दिवशी पहाटेची ओहोटी, किंवा तृतीया-चतुर्थीची सकाळची, आणि ओहोटीच्या तळाच्या आधी तासभर निघून तळानंतर तासाभरात परत. निघण्याआधी त्या दिवसाचा छापील भरतीतक्ता बघायचाच. ठोकताळा आखणीपुरता, पाण्यात पाय घालायला तो पुरत नाही.

---

फळा_खडू

सगळं तक्त्यात घेतो. शेवटचं: २०२६ साठी तक्ता पुढे न्यायचा तर काय लक्षात ठेवू?

---

दृक्प्रत्यय

दोन गोष्टी. मे २०२६ मध्ये दोन पूर्णचंद्र आहेत, १ मे रात्री १०:५३ आणि ३१ मे दुपारी २:१५. दुसरा अधिक ज्येष्ठातला. बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे, सौरवर्षाशी दरवर्षी ११ दिवसांची तूट, ती साधारण साडेबत्तीस महिन्यांत एका महिन्याएवढी होते. एका महिन्याचा रकाना जास्त आखून ठेवा आणि सणांच्या पौर्णिमा २०२५ च्या तारखांवरून ढकलू नका.

दुसरं, चौदा पौर्णिमा ४१३.४ दिवसांत होतात आणि चंद्र जवळच्या बिंदूवर पंधरा वेळा येतो तो ४१३.३ दिवसांत. त्यामुळे जवळची पौर्णिमा दरवर्षी सुमारे ४८ दिवस पुढे सरकते. ५ नोव्हेंबर २०२५ नंतरची तशी पौर्णिमा २४ डिसेंबर २०२६, सकाळी ६:५८. या क्षणी चंद्र पश्चिम क्षितिजाजवळ असेल, म्हणजे निरीक्षण २३ च्या रात्रभर आणि २४ च्या पहाटे. आकडेमोड यांच्या सूत्रात क = ३३३.५ घालून वेळ तपासून घ्या.